अडसरावरची दोन अक्षरं

ईसीजीची ही पट्टी हातात घेतली की नजर आधी उंच, टोकदार शिखरांकडे धावते. तिला आवरून शिखरांच्या मधल्या सपाटीवर आणावं. पाहण्यासारखं जे आहे ते तिथं आहे. गुलाबी चौकटींचा हा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगानं सरकतो, म्हणजे एक बारीक चौकट सेकंदाचा पंचविसावा हिस्सा. निरोगी हृदयाच्या पट्टीत प्रत्येक शिखराच्या थोडं आधी दोन-अडीच चौकटी रुंदीचा एक बुटका, गोलसर उंचवटा येतो. डच वैद्यक विलेम आइन्टहोव्हन यांनी त्याला 'पी' हे नाव दिलं, ते आजतागायत चालू आहे. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, एका दमात आकुंचन पावल्याची ती सही. माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, या पट्टीवर ती सही नाही. तिच्या जागी नुसती थरथर आहे, दूध उतू जायच्या आधी सायीवर दिसते तशी. एवढ्याशा उंचवट्याचं नसणं किती बोलकं असतं, हे ही पट्टी बघेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

अण्णा सांगलीहून आमच्याकडे कॅनडात, कोक्विटलामला आले होते. डिसेंबरात इथल्या लफार्ज तळ्याभोवती दिव्यांची आरास असते, ती बघायला आम्ही निघालो होतो. अर्धी फेरी झाल्यावर अण्णा बाकावर टेकले आणि म्हणाले, "अगं, छातीत कुणी पाखरू कोंडलंय बघ." त्या रात्री ही पट्टी निघाली आणि एट्रियल फिब्रिलेशन हे नाव घरात आलं. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळतं, गुठळी मेंदूकडे जाऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू झालं, ठोके आवरणारी गोळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी बॅगेतली मोरावळ्याची बरणी काढून ओट्यावर ठेवली. "हे अँटिऑक्सिडंट असतं म्हणतात ना? मग यानं ठोका ताळ्यावर येईल का?" मी पुण्यात जीवरसायनशास्त्र शिकलेली, तरी मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी हा विषय, आवडती बंदिश पुन्हा पुन्हा ऐकावी तसा, वाचत आले आहे.

आधी पट्टीचं वाचन पुरं करू. शिखरांमधल्या बारीक चौकटी मी मोजल्या: १४, ९, १९, ११, १६. यात कुठलाही हिशेब लागत नाही. चांगलं हृदयसुद्धा घड्याळासारखं ठोकत नाही. श्वास आत घेताना ते किंचित घाई करतं, सोडताना रेंगाळतं. तबलजीनं लय जराशी खेचावी, सैल सोडावी आणि तरी समेवर नेमकं यावं, तशी ती अनियमितता श्वासाशी बांधलेली असते. अण्णांच्या पट्टीत सम कुठंच नाही. वर अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० लहरी उसळताहेत आणि खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे निलयांपर्यंत, त्यातल्या शंभरेकच पोचताहेत. मध्ये एव्ही नोड नावाची काही मिलिमीटरांची गाठ बसली आहे. एक लहर पुढे गेली की ती क्षणभर कानावर हात ठेवते, त्या क्षणात आलेल्या लहरी विरून जातात. वरचा सगळा गोंधळ जसाच्या तसा खाली उतरला असता तर माणूस काही मिनिटंही टिकला नसता. शिखरं वाकडीतिकडी अंतरं ठेवून का होईना उभी आहेत, ती त्या गाठीच्या चिवटपणामुळे. अण्णांच्या पट्टीत मला सर्वांत आधी आवडली ती ही गाठ.

आता कागद ठेवून पेशीत उतरायला हवं. हृदयाच्या स्नायुपेशीत प्रत्येक ठोका कॅल्शियमचा असतो. विश्रांतीच्या वेळी पेशीतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट कमी राखलेलं असतं. विजेची लहर आली की बाहेरून कॅल्शियमची एक चिमूट आत येते. ती चिमूट आतल्या कोठाराच्या दारांवर, रायनोडिन रिसेप्टरांवर, थाप देते. दारं उघडतात, कोठारातलं कॅल्शियम धो धो बाहेर पडतं, स्नायू आवळतो. मग पंप ते सगळं उपसून परत कोठारात भरतात आणि दारं मिटतात. हे सगळं सेकंदाच्या आत आणि दिवसातून लाखभर वेळा होतं. दारं नीट मिटली नाहीत, विश्रांतीच्या वेळीही थेंब थेंब गळू लागली, तर पेशी ते गळलेलं कॅल्शियम एका अदलाबदलीच्या यंत्रणेनं बाहेर टाकते: एक कॅल्शियम बाहेर, तीन सोडियम आत. कॅल्शियमवर दोन भार, तीन सोडियमवर तीन. प्रत्येक सौद्यात एक धनभार आत शिल्लक राहतो. तो साठला की पेशीला वाटतं लहर आली, आणि ती वेळ नसताना ठोका देते. रात्री उशिरा कुणाची झोप मोडू नये म्हणून हळूच आवराआवर करावी आणि त्यातच हातातून परात पडावी, तसं हे आहे. नको त्या ठोक्याचा जन्म एका भाराच्या शिलकेत सापडतो, ही बेरीज-वजाबाकी मला अजूनही थक्क करते.

असे चुकार ठोके बहुतेक कुठून निघतात हे बोर्दोच्या मिशेल हैसागेर यांच्या गटानं १९९८ मध्ये ४५ रुग्णांत दाखवलं. फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी हृदयाच्या स्नायूची बाही थोडी आत गेलेली असते, तिथून. आज ज्याला अब्लेशन म्हणतात ते त्याच शिरांच्या तोंडाभोवती वेढा घालून केलं जातं.

पण दारं का गळतात? इथं आपण या रचनेच्या गाभ्याशी येतो आणि इथं मी रेंगाळणार आहे.

पेशीत एक एंझाइम आहे, शास्त्रज्ञ त्याला 'कॅम-के-टू' म्हणतात. एकसारखे बारा घटक, सहा-सहाची दोन कडी एकावर एक, फुलाच्या पाकळ्यांसारखी. कोठाराच्या दारांवर फॉस्फेटची चिठ्ठी चिकटवून त्यांना अधिक उघडं करायचं, हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. प्रत्येक घटक सुमारे ५०० अमिनो आम्लांची साखळी आहे आणि तिचाच एक तुकडा दुमडून काम करणाऱ्या खाचेवर आडवा बसलेला असतो. जुन्या वाड्याच्या दिंडीला आतून लाकडी अडसर असे, अगदी तसा. अडसर घातलेला असेपर्यंत एंझाइम गप्प. ठोक्याबरोबर कॅल्शियम वाढलं की चार कॅल्शियम घेतलेला कॅल्मोड्युलिन नावाचा छोटा प्रथिनरेणू येऊन अडसराला विळखा घालतो, अडसर सरकतो, काम सुरू होतं. कॅल्शियम ओसरलं, कॅल्मोड्युलिन गेला, अडसर पुन्हा जागेवर.

एवढंच असतं तर ते एक चांगलं कुलूप ठरलं असतं, पण अडसरावर २८७ व्या जागी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल आहे आणि शेजारचा घटक त्याला फॉस्फेट जोडू शकतो. जोडलं की कॅल्मोड्युलिन गेल्यावरही अडसर लगेच बसत नाही. ठोके जलद आले तर शेजारी दोघंही जागे असतात आणि एकमेकांवर ही खूण करतात, सावकाश आले तर तशी संधी मिळत नाही. म्हणजे हे एंझाइम लय मोजतं. आधीचा ठोका किती जवळ होता याची आठवण ते अंगावर बाळगतं.

त्याच अडसरावर सहा जागा अलीकडे, २८१ आणि २८२ या क्रमांकांवर, दोन मेथिओनिनं शेजारीशेजारी आहेत. शास्त्रज्ञ अमिनो आम्लं एकेका अक्षरानं लिहितात आणि मेथिओनिनचं अक्षर 'एम', म्हणून कागदावर हे दिसतं 'एम एम'. साखळीच्या ५०० अक्षरांत नजरेतून सहज निसटावीत अशी ही दोन अक्षरं. मेथिओनिनच्या टोकाला गंधक असतं. त्या गंधकावर ऑक्सिजनचा एक अणू बसला की तेलकट टोक पाणलोभी होतं आणि अडसराची पकड बिघडते. आयोवा विद्यापीठात मार्क अँडरसन यांच्या प्रयोगशाळेनं २००८ मध्ये 'सेल' या नियतकालिकात हे मांडलं. त्यातला मला सर्वांत प्रिय बारकावा असा: ऑक्सिडन बंद अडसर उघडू शकत नाही. आधी कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिननं तो सरकवलेला असावा लागतो, तेव्हाच ती दोन गंधकं उघडी पडतात. मग ऑक्सिजन तिथं पाचर मारतो, आणि कॅल्शियम ओसरून गेलं तरी अडसर खाली बसत नाही. कुलूप न फोडता, दार उघडं असल्याच्या नेमक्या क्षणी मारलेली ही पाचर. एंझाइम आता ठोक्याविना जागं राहतं, दारांवर चिठ्ठ्या डकवत राहतं, कोठार गळतं, एकेक भार साठतो, आणि लफार्ज तळ्याच्या काठी एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीत पाखरू फडफडू लागतं.

याच गटानं २०१३ मध्ये ही साखळी एट्रियल फिब्रिलेशनपर्यंत नेली. त्या रुग्णांच्या अलिंदाच्या ऊतीत ऑक्सिडन झालेलं कॅम-के-टू जास्त आढळलं. मग त्यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्या अडसरावरच्या दोन्ही 'एम'च्या जागी व्हॅलिन हे गंधक नसलेलं अमिनो आम्ल होतं. रक्तदाब वाढवणारं अँजिओटेन्सिन देऊन साध्या उंदरांच्या अलिंदांत फिब्रिलेशन सहज पेटवता येई, या उंदरांत ते पेटेना. बाकी सगळं हृदय तेच ठेवून दोन गंधकं काढली आणि रोगाचा पायाच हलला. प्रयोगातही रेखीवपणा असतो, तो असा.

आता अण्णांच्या बरणीकडे. आपल्या स्वयंपाकघरात ऑक्सिडनाला एक नेमका शब्द आहे: खवट. सुकं खोबरं, शेंगदाण्याचं कूट, जुनं तूप खवट होतं, म्हणजे त्यातल्या स्निग्धांशावर ऑक्सिजन बसतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे लागण पसरत जाते. खवट झालेलं पुन्हा ताजं होत नाही. अँटिऑक्सिडंटची लोकप्रिय कल्पना सगळी या खवटपणावर उभी आहे: आत कुठंतरी गंज चढतोय, तो थांबवा. पेशीत तसं होतंही. पण अडसरावरच्या त्या दोन अक्षरांची गोष्ट निराळी आहे. गंधकावर बसलेला ऑक्सिजन उतरवण्यासाठी पेशीकडे खास एंझाइम आहे, मेथिओनिन सल्फॉक्साइड रिडक्टेज. ते येतं, ऑक्सिजनचा अणू उचलतं, मेथिओनिन पूर्ववत. ज्या उंदरांत हे एंझाइम जास्त होतं त्यांनाही २०१३ च्या त्या प्रयोगात फिब्रिलेशनपासून संरक्षण मिळालं. जे चढवता येतं आणि उतरवताही येतं त्याला गंज म्हणता येत नाही. कुंकवासारखी ती एक खूण आहे. आणखी पुढचं म्हणजे हा ऑक्सिजनही बराचसा चुकून सांडलेला नसतो. पेशीच्या आवरणात 'नॉक्स-टू' नावाचं एंझाइम आहे आणि सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं चपळ रूप, तयार करणं हेच त्याचं काम. अँजिओटेन्सिननं हाक दिली की ते कामाला लागतं. म्हणजे ऑक्सिडनसुद्धा इथं निरोप आहे. निरोप्या ठरलेला, पत्ता ठरलेला, आणि निरोप पुसायला माणूसही नेमलेला. फिब्रिलेशनच्या रुग्णात बिघडतं ते प्रमाण. निरोप पुसला जाण्यापेक्षा जास्त वेगानं येत राहतो.

हे एकदा दिसलं की अँटिऑक्सिडंट उपचारांचा इतिहास वेगळ्या चवीनं वाचता येतो. कॅनडाशी त्याचं जुनं नातं आहे. ऑन्टॅरिओतल्या लंडन शहरात इव्हान आणि विल्फ्रिड हे शूट बंधू १९४० च्या दशकापासून हृदयरोग्यांना जीवनसत्त्व ई देत होते आणि त्याचा हिरिरीनं पुरस्कार करत होते. त्या विश्वासाची खरी परीक्षा याच देशातून झाली. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात, मूळचे केरळचे सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली, 'होप' नावाची चाचणी आखली गेली: ९,५४१ माणसं, रोज ४०० युनिट जीवनसत्त्व ई किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी, सरासरी साडेचार वर्षं. जानेवारी २००० मध्ये निकाल आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक नाही. पाठपुरावा लांबवला तेव्हा २००५ मध्ये उलट दिसलं की जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत हृदय दुर्बल होण्याचं प्रमाण थोडं अधिक आहे.

पण या चाचणीची वीण बघावी. तीच माणसं त्याच वेळी आणखी एका चिठ्ठीनं दोन गटांत वाटली होती, आडव्या धाग्यांत उभे धागे घालावेत तशी: अर्ध्यांना रॅमिप्रिल, अर्ध्यांना पोकळ गोळी. रॅमिप्रिल अँजिओटेन्सिनचा जोरकस अवतार तयार होऊ देत नाही. त्या बाजूला झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १७.८ वरून १४ टक्क्यांवर आलं. रॅमिप्रिलच्या यशाला रक्तदाबापासून अनेक कारणं आहेत, सगळं श्रेय ऑक्सिडनाला देता येणार नाही आणि ही चाचणी ठोक्याच्या लयीसाठी नव्हतीही. तरी माझी नजर त्या वीणीवर खिळते. सांडलेलं टिपायला गेलेली गोळी हरली, आणि नळाच्या तोटीपाशी हात घालणारी, त्याच माणसांत, जिंकली.

आणि मोरावळा? आवळ्यातल्या जीवनसत्त्व क च्या बाजूनं एक लहान पण देखणं काम आहे. सिंथिया कार्न्स, डेव्हिड व्हॅन वॅगनर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'सर्क्युलेशन रिसर्च'मध्ये ते प्रसिद्ध केलं. कुत्र्यांची अलिंदं जलद ठोक्यावर ठेवली की त्यांची विजेची घडण बदलते, हा बदल जीवनसत्त्व क देऊन बराच रोखता आला. मग बायपास शस्त्रक्रियेच्या ४३ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ५ दिवस ते दिलं. त्यांच्यात फिब्रिलेशन १६.३ टक्क्यांना झालं, तुलनेच्या गटात ३४.९ टक्क्यांना. आकडा मोठा नाही, पण वेळेची निवड पाहा. शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिडनाची लाट कधी येणार हे आधीच माहीत असतं, फिब्रिलेशनही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. ओहोटी-भरतीचं कोष्टक बघून होडी घालावी तसं हे औषध घातलं गेलं. चिलीत २०१३ मध्ये माशाचं तेल आणि जीवनसत्त्वं क व ई एकत्र देऊन २०३ रुग्णांत झालेल्या चाचणीतही फरक ठळक होता, ३२ टक्क्यांवरून ९.७. उलट नुसत्या माशाच्या तेलाची १,५१६ रुग्णांची चाचणी २०१२ मध्ये कोरडी गेली, आणि नॉक्स-टूला आवर घालेल या आशेनं चीनमध्ये १,९२२ रुग्णांना दिलेलं रोसुवास्टॅटिनही २०१६ मध्ये. लहान चाचण्या हिरव्या, मोठ्या सुकलेल्या: जाणकार इथं सावध होतो, आणि व्हायलाच हवं.

या विसंगतीवर मला सर्वांत समाधान देणारं वाचन तेव्हा ऑक्सफर्डमध्ये असलेल्या बार्बरा कासादेई यांच्या गटाचं वाटतं. त्यांनी २०११ मध्ये दाखवलं की अलिंदातल्या ऑक्सिडनाचा उगम रोगाच्या वयाबरोबर बदलतो. शस्त्रक्रियेनंतर नव्यानं फिब्रिलेशन होणाऱ्यांत तो मुख्यतः नॉक्स-टू असतो. फिब्रिलेशन कायमचं मुक्कामाला आलं की उगम सरकतो मायटोकाँड्रियांकडे आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या, पण बिघडलेल्या एंझाइमाकडे. मास्ट्रिख्टच्या अ‍ॅलेसी यांच्या प्रयोगशाळेनं १९९५ मध्ये शेळ्यांवर सिद्ध केलेलं वाक्य हृदयवैद्य अजून उच्चारतात, की फिब्रिलेशनच फिब्रिलेशनला जन्म देतं. कासादेईंच्या कामानं त्याला एक तळटीप जोडली: जन्म देताना ते आपलं घरही बदलतं. मग जुन्या पत्त्यावर पाठवलेलं औषध पोचणार कसं? शिवाय रेणूमागे रेणू धरला तर जीवनसत्त्व क सुपरऑक्साइडला जितक्या वेगानं टिपतं त्याच्या सुमारे दहा हजारपट वेगानं पेशीचं स्वतःचं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज ते काम करतं. अण्णांना मी सांगितलं, मोरावळा चवीनं खा, गोळ्या चुकवू नका.

नेमक्या जागेचं महत्त्व ज्याला कळलंय असा अँटिऑक्सिडंट बघायचा असेल तर आमच्या गावाच्या नावातच बघावा. कोक्विटलाम हे नाव इथल्या मूळच्या क्विक्वेटलेम लोकांकडून आलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ नदीच्या वरच्या अंगाचा लाल मासा. तो लाल मासा म्हणजे सॉकाय सॅमन. आमच्याकडे येणारे कोकणी पाहुणे त्याला रावस म्हणून मोकळे होतात, पण रावसाशी त्याचं नातं नाही आणि रंगाशी तर मुळीच नाही. तव्यावर सॉकायचा तुकडा टाकला की काही क्षणांत भोवतीचं तेल केशरी होतं. तो रंग अ‍ॅस्टाझँथिनचा. मासा तो स्वतः बनवू शकत नाही, समुद्रातल्या बारीक कवचधारी जिवांतून वर्षानुवर्षं गोळा करून स्नायूंत साठवतो. परतीच्या वाटेवर अन्न सोडलं की तोच रंग मांसातून निघून कातडीत आणि मादीच्या अंड्यांत उतरतो. पण रंगापेक्षा रेणूची घडण पाहावी. पेशीचं आवरण दोन पदरी आणि आतून तेलकट. अ‍ॅस्टाझँथिनचा लांबट रेणू त्या दोन्ही पदरांतून आरपार उभा राहतो, दोन्ही टोकं दोन्हीकडच्या पाण्यात, मधला लांब कणा तेलात. खवटपणाची लागण जिथून पसरायची त्या वाटेवरच हा खांब रोवलेला. लांबी आणि जाडी यांचं इतकं जमलेलं माप मी दुसरीकडे क्वचित पाहिलंय.

याच नदीवर १९१४ मध्ये मोठं धरण झालं आणि लाल माशाची वरची वाट तुटली. समुद्राकडे न जाता तलावातच राहिलेले त्याचे भाऊबंद, कोकनी, मागे उरले. गेल्या काही दशकांत क्विक्वेटलेम लोक आणि त्यांचे साथीदार ती वाट पुन्हा जोडण्यासाठी झटताहेत. ज्या फ्रेझर नदीला आमची नदी मिळते तिथल्या सॉकायांवर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचं २०११ चं काम प्रसिद्ध आहे. ज्यांचा प्रवास खडतर त्यांचं हृदय मोठं, हृदयाला रक्तपुरवठाही चांगला. टोनी फॅरेल यांच्या प्रयोगशाळेनं भूल दिलेल्या सॅमनचं पाणी हळूहळू तापवून हृदयाची पट्टी काढली. ठोके वाढत जातात, एका पातळीवर अडतात आणि मग लय तुटते. त्या पट्टीची आणि अण्णांच्या पट्टीची कारणं वेगळी आहेत. तरी त्या माशाच्या आणि अण्णांच्या पेशीत एक वारसा सारखा आहे, तो त्या अडसरावर.

अँडरसन यांच्याच गटानं, तेव्हा जॉन्स हॉपकिन्समधून, २०२१ मध्ये विचारलं की ही गंधकाची जोडी आली कुठून. फळमाशीच्या कॅम-के-टूमध्ये ऑक्सिडनानं जागं होण्याची ही सोय नाही. कण्याच्या प्राण्यांचा वंश निघाला तेव्हा, ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, ती अडसरावर आली आणि तिथंच राहिली. रोग देणारी वस्तू इतकी वर्षं का सांभाळली? ज्या उंदरांत ती काढून टाकली होती ते फिब्रिलेशनपासून वाचले, पण पट्ट्यावर पळताना मागे पडले. श्रम करताना स्नायूत ऑक्सिडन वाढतं, ती जोडी ते ऐकते आणि कॅल्शियमची दारं थोडी अधिक उघडते. म्हणजे अडसरावरची पाचर ही धावण्यासाठी होती. प्रवाहाच्या उलट उडी मारणाऱ्या सॉकायला जी जोडी उपयोगी पडते, तीच सत्तरी ओलांडलेल्या अण्णांच्या अलिंदात अवेळी जागी राहते. तरुणपणी घेतलेल्या उसन्याची म्हातारपणी आलेली पावती आहे ही, आणि ती वाचताना मला त्या जोडीचा राग येत नाही.

डॅलसमध्ये एरिक ओल्सन यांच्या प्रयोगशाळेनं जानेवारी २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये जे प्रसिद्ध केलं ते या कथेतलं सर्वांत बारीक कोरीवकाम म्हणावं लागेल. जनुकाच्या लिपीत मेथिओनिन एकाच प्रकारे लिहिलं जातं: ए टी जी. व्हॅलिन लिहिण्याच्या प्रकारांपैकी एक: जी टी जी. फरक पहिल्या अक्षराचा. 'ए'चं 'जी' करणारी जनुक-संपादनाची सुई वापरून त्यांनी आधी बशीत वाढवलेल्या मानवी हृदयपेशींत आणि मग उंदरांच्या हृदयात अडसरावरची ती अक्षरं बदलली. रक्तप्रवाह तोडून पुन्हा सोडल्यावर उंदरांच्या हृदयाला जी इजा होते, त्यातून ही हृदयं सावरली. वर्षानुवर्षं जीवनसत्त्व ई देणाऱ्यांच्या आणि एक अक्षर खोडणाऱ्यांच्या मनातला शत्रू एकच होता. माणसांत हे येईल तेव्हा धावण्याचा जो हिस्सा त्या जोडीकडे आहे त्याचं काय करायचं, हा प्रश्न त्या संशोधकांसमोर असेलच, आणि मला तो उत्तराइतकाच मोलाचा वाटतो.

अण्णांची आणखी एक पट्टी माझ्याकडे आहे, त्याच रात्री पहाटे चारच्या सुमाराची. फिब्रिलेशन कधीकधी आलं तसं आपणहून जातं, त्यांचं तसं गेलं. पट्टीच्या डाव्या बाजूला थरथर, चौकटी १२, १७, १०. मग एक लांब जागा, ३१ चौकटींची, जिथं काहीच नाही. तिथं नजर थांबवावी. त्या जागेच्या शेवटी, शिखराच्या चार चौकटी आधी, एक बुटका, गोलसर उंचवटा आहे.